रेघ ओढणारी गोळी



वसंत व्याख्यानमालेत काडतुसांवर बोलायचे म्हणजे काहीसे विपरीतच. परंतु ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती वस्तू रणांगणाची असली तरी तिचा प्रश्न नागरिकाचा आहे. लष्करी बंदुकीचे एक काडतूस नागरिकाच्या घरात असावे की नसावे, आणि कायदा त्याविषयी काय म्हणतो, एवढाच हा प्रश्न आहे. हे काडतूस म्हणजे ट्रेसर. रात्रीच्या युद्धाच्या चित्रपटांत आकाशात तांबड्या ठिणग्यांच्या रेघा ओढलेल्या आपण पाहिल्या असतील. त्या रेघा याच गोळीच्या.

प्रथम तिची रचना पाहू. साध्या काडतुसात पितळी कोश, तळाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी असते. ट्रेसरमध्ये हे सारे तसेच असते. फरक गोळीच्या बुडाशी आहे. तेथे एक पोकळी ठेवून तीत मॅग्नेशियमची पूड आणि स्ट्रॉन्शियमचा क्षार यांचे मिश्रण दाबून भरलेले असते. स्ट्रॉन्शियममुळे ज्वाला तांबडी दिसते; बेरियम वापरले तर ती हिरवी दिसते. बार झाला की कोशातील दारूची आग या मिश्रणाला लागते आणि गोळी आपल्या पाठीवर पेटता पलिता घेऊन धावते. सैनिकाला आपला नेम कोठे लागतो आहे ते कळावे, हा हेतू. म्हणून मशिनगनच्या पट्ट्यात बहुधा चार साध्या गोळ्यांमागे एक ट्रेसर घालतात. मात्र ती रेघ शत्रूलाही दिसते, आणि रेघ कोठून निघाली हेही दिसते. सैनिकाला हा दुधारीपणा पुरता ठाऊक असतो.

आता धोका कोठे आहे ते पाहा. त्या मिश्रणात जळण्यासाठी लागणारा प्राणवायू क्षारातच असतो. बाहेरच्या हवेची त्याला गरज नाही. म्हणून गोळी मातीत रुतली तरी मिश्रण संपेपर्यंत ते जळत राहते. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी ओतावे तर आग विझण्याऐवजी उसळते. शिवाय गोळी दगडावर आपटून उडाली, तर ती पेटलेल्या अवस्थेत भलतीकडेच जाऊन पडते. चैत्र-वैशाखातल्या आपल्या माळरानावरचे वाळलेले गवत डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.

जळणारी गोळी माणसावर झाडावी की नाही, याविषयी खुद्द युद्धशास्त्रालाही एके काळी संकोच वाटला होता. 1868 साली सेंट पीटर्सबर्ग येथे अनेक राष्ट्रांनी मिळून एक घोषणापत्र केले. 400 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे, स्फोटक किंवा ज्वालाग्राही द्रव्य भरलेले प्रक्षेप्य आपसांतील युद्धात वापरायचे नाही, असे त्यांनी ठरविले. पुढे पहिल्या महायुद्धात विमाने आणि हायड्रोजनने भरलेली हवाई जहाजे आली आणि हा निर्बंध अडचणीचा वाटू लागला. 1923 साली हेगला हवाई युद्धाच्या नियमांचा जो मसुदा तयार झाला, त्यात विमानांकडून वा विमानांवर ट्रेसर, आग लावणारी अथवा स्फोटक गोळी वापरण्यास मनाई नाही, असे मुद्दाम लिहावे लागले. त्या मसुद्याचा करार कधी झाला नाही. पण त्यात ट्रेसर कोणाच्या पंगतीला बसविली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता नागरिकाकडे वळू. ज्या देशात हा प्रश्न खरोखरीच रोजचा आहे, तो देश म्हणजे अमेरिका. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क 1791 पासून राज्यघटनेत आहे. 2008 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात हा हक्क व्यक्तीचा असल्याचे मान्य केले. पण तो अमर्याद नाही, हेही त्याच निकालात सांगितले. तेथील केंद्रीय कायद्याने बंदुकीच्या ट्रेसर काडतुसांवर सरसकट बंदी घातलेली नाही. लष्कराचा शिल्लक माल बाजारात येतो आणि हौशी लोक तो विकत घेतात. परंतु राज्याराज्यांचे कायदे निराळे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत ‘विध्वंसक साधन’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि तीत ट्रेसर व आग लावणाऱ्या गोळ्यांचा नावानिशी समावेश आहे. अपवाद केला आहे तो फक्त छऱ्याच्या बंदुकीसाठी बनविलेल्या ट्रेसरचा. म्हणजे एका राज्यात जी वस्तू हौसेची, तीच सीमा ओलांडताच बॉम्बच्या यादीत!

मग जेथे बंदी नाही तेथे धोका नाही काय? तेथील पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत सरकारी जमीन सांभाळणारे खाते वणव्याच्या मोसमात ठिकठिकाणी हुकूम काढते, आणि त्या हुकमांत ट्रेसर झाडण्यास मनाई असते. वस्तू बाळगणे कायदेशीर, पण या माळावर, या महिन्यांत ती उडविणे गुन्हा. 2013 साली अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधकांनी साध्या रायफलीच्या गोळ्या पोलादी पत्र्यावर झाडून पाहिल्या. पोलादी गाभ्याच्या आणि निव्वळ तांब्याच्या गोळ्यांचे तुकडे इतके तापतात की खाली पसरलेला वाळका पालापाचोळ्यासारखा थर त्यांनी पेटू शकतो, असे त्यांना आढळले. ज्या गोळीत आग भरलेलीच नाही तिची ही कथा. मग जिच्यात ती भरून दिली आहे तिचे काय सांगावे?

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘कायदेशीर’ आणि ‘निर्धोक’ हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत. कायदा परवानगी देतो तेव्हा तो धोका नाहीसा करत नाही. त्याची जबाबदारी तो आपल्या माथ्यावर ठेवतो.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे 1878 च्या इंग्रजी अमदानीतील शस्त्रकायद्याची जागा 1959 च्या शस्त्र अधिनियमाने घेतली आणि तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. या कायद्याची मूळ भूमिकाच अमेरिकेच्या उलट आहे. तेथे हक्क आधी आणि निर्बंध मागाहून. येथे परवाना आधी आणि वस्तू मागाहून. कलम 3 प्रमाणे अग्निशस्त्र किंवा त्याचा दारूगोळा परवान्याशिवाय बाळगता येत नाही. कलम 7 त्याही पुढे जाते. निषिद्ध शस्त्रे व निषिद्ध दारूगोळा केंद्र सरकारच्या खास अधिकारपत्राशिवाय कोणालाच बाळगता येत नाही.

येथे एखादा चतुर श्रोता विचारील, “निषिद्ध दारूगोळ्याच्या व्याख्येत ट्रेसर हा शब्द कोठे आहे?” शंका रास्त आहे. त्या व्याख्येत अपायकारक द्रव, वायू वा तत्सम वस्तू असलेला दारूगोळा, बॉम्ब, हातगोळे, रॉकेट वगैरे आहेत, आणि सरकार राजपत्रातून जाहीर करील त्या वस्तू आहेत. ट्रेसर हे नाव कायद्याच्या व्याख्येत नाही. पण म्हणून वाट मोकळी होते असे नाही. .303 किंवा 7.62 यांसारखी लष्करी काडतुसे झाडू शकणाऱ्या रायफली नियमांनी पहिल्या वर्गात, म्हणजे सामान्य परवानेदाराच्या आवाक्याबाहेर ठेवल्या आहेत. पीकसंरक्षणासाठी मिळालेल्या बंदुकीच्या परवान्यावर लष्करी रायफलीचे काडतूस घेता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बाळगण्यास दोन ते पाच वर्षे, आणि निषिद्ध दारूगोळा बाळगण्यास सात ते चौदा वर्षे कैदेची शिक्षा सांगितली आहे. व्याख्येतील शब्दाचा वाद वकिलाने कोर्टात घालावा. आपण त्या वादाचा विषय होऊ नये.

“पण आजोबा फौजेत होते, त्यांच्या ट्रंकेत एक काडतूस राहिले, एवढ्याने आम्ही गुन्हेगार?” हा प्रश्न खरा जिव्हाळ्याचा आहे, कारण महाराष्ट्रात फौजेची परंपरा घरोघर आहे. 1972 साली गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक सांगितला की ‘बाळगणे’ म्हणजे ती वस्तू आहे याची जाणीव आणि तिच्यावर ताबा असणे. ट्रंक कधी उघडलीच नसेल, तर जाणीव नाही. परंतु ज्या दिवशी आपण ती उघडून काडतूस पाहिले, आणि ‘असू दे आठवण म्हणून’ असे म्हणून पुन्हा झाकण लावले, त्या दिवसापासून जाणीवही आपली आणि ताबाही आपला. कलम 21 ने याची वाटही दाखविली आहे. ज्या शस्त्राचा वा दारूगोळ्याचा ताबा कायदेशीर राहिला नाही, तो विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानेदार विक्रेत्याकडे जमा करावा. परवानेदार वारल्यावर त्याच्या वारसांनाही हेच लागू आहे.

मात्र जुने काडतूस खिशात घालून ठाण्याकडे निघू नये. ट्रेसरच्या मिश्रणात ओल शिरली असेल तर त्याचा भरवसा उरत नाही. घासून पुसून चकचकीत करणे, गोळी उपसून आत काय आहे ते पाहणे, होळीत टाकणे, भंगारवाल्याला देणे, यांतले काहीही करू नये. जेथे आहे तेथेच ठेवावे, मुलांना दूर करावे आणि पोलिसांना कळवावे. त्यांच्याकडे या कामाची माणसे आहेत.

भंगाराचा उल्लेख मी सहज केला नाही. आपला प्रांत दारूगोळ्याचा शेजारी आहे. खडकीचा कारखाना 1869 पासूनचा. वरणगावलाही काडतुसे होतात. पुलगावला मोठे भांडार आहे. देवळालीला तोफखान्याचे मैदान आहे. 2018 च्या नोव्हेंबरात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा जणांचे प्राण गेले. तेथे मोलमजुरीला आलेली माणसेही होती. जेथे जाणत्यांच्या देखरेखीखाली काम चालते तेथे असे घडते, तर सरावाच्या मैदानालगत पितळेच्या चार पैशांसाठी मातीत हात घालणाऱ्या पोराच्या वाट्याला काय येईल? त्याला कायद्याचे कलम सांगून उपयोग नाही. त्याचे भंगार विकत घेणाऱ्याने ते नाकारले पाहिजे, आणि गावाने त्याला दुसरा रोजगार दिला पाहिजे.

सैनिकाने ही गोळी झाडली तर तिचा हिशेब ठेवणारा अधिकारी असतो, समोर मोकळे मैदान असते, आग लागलीच तर विझविणारी माणसे असतात. नागरिकाच्या कपाटात यांपैकी काहीही नसते. आठवणच ठेवायची तर आजोबांचा गणवेश आहे, पदके आहेत, पत्रे आहेत. आणि ती मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येतात.