आडनावाचा माग : इंग्लंडच्या गावदप्तरांतून



आम्हां बडोद्याच्या मराठी मंडळींना आडनावाचे अगत्य मोठे. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहूनही पहिल्या भेटीत ‘मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर मात्र बहुधा ऐकीव असते. इंग्लंडातील स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी हाच प्रश्न दप्तरांना विचारण्याची एक शिस्त घालून दिली आहे. इतिहासाचा अध्यापक म्हणून ती मला मोलाची वाटते. दिवंगत गुरुजनांच्या स्मृत्यर्थ योजिलेल्या या व्याख्यानात मी तीच आपल्यापुढे मांडणार आहे.

उदाहरणादाखल ‘साइक्स’ हे आडनाव घेऊ. यॉर्कशरच्या पश्चिम भागात, हडर्सफील्डच्या परिसरात ते फार आढळते. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे लहान ओहोळ. तेव्हा ओहोळाकाठी राहणारा तो साइक्स, असा अर्थ लागतो. पण ओहोळ तर जागोजाग आहेत. मग या नावाची माणसे अनेक स्वतंत्र घराण्यांची, की एकाच पूर्वजाची? शब्दाची व्युत्पत्ती येथे थांबते आणि दप्तराचे काम सुरू होते.

या शोधाचा पहिला नियम असा की, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, एकेक पिढी मागे जावे. एखादा कीर्तिमान पूर्वज आधी निवडून त्याच्यापासून खाली उतरू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तेथील विवाहपत्रात वधूवरांच्या वडिलांचे नाव आणि व्यवसाय लिहिलेला असतो, म्हणजे एका कागदावर दोन पिढ्या सापडतात. त्याला जोड खानेसुमारीची. १८४१ च्या गणतीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली गेली. १८५१ पासून मात्र घरातील प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचे गाव मिळू लागते. ते गाव कळले, की पुढची वाट चर्चकडे वळते.

आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी. १५९८ पासून त्या वह्यांच्या नकला दर वर्षी बिशपकडे जाऊ लागल्या. मूळ वही गहाळ झाली, तरी पुष्कळदा नकलेने धागा जुळतो. येथे वाचकाला सावध राहावे लागते. १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे वहीतला ‘फेब्रुवारी १७००’ हा आपल्या हिशेबाने १७०१ चा असतो. न्यायालयीन कागद तर १७३३ पर्यंत बहुतांशी लॅटिनमध्ये लिहिले जात.

वह्यांच्याही मागे जावयाचे, तर करांच्या याद्या आणि जमीनदारांच्या न्यायसभांचे कागद पाहावे लागतात. १३७९ च्या डोईपट्टीत सामान्य माणसाकडूनही चार पेन्स वसूल झाले. यॉर्कशरच्या पश्चिम विभागाची ती यादी शिल्लक आहे आणि तेथील कित्येक आडनावांच्या शोधात ती फार उपयोगी पडते. वेकफील्डच्या न्यायसभेच्या गुंडाळ्या १२७४ पासून १९२५ पर्यंतच्या आहेत. शेताची कुळे, बांधाचे तंटे, चुकार गुरांचे दंड असा सगळा संसार त्यांत आहे. कोणी कुळाचा गौरव करावा म्हणून हे लिहिले नाही, वसुलीसाठी लिहिले. म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येतो.

गरिबाचा इतिहास तर अधिकच विलक्षण रीतीने उरला. १६६२ च्या कायद्यामुळे निराधाराला पोसण्याची जबाबदारी त्याच्या मूळ पॅरिशवर पडू शके. मग न्यायाधीशासमोर त्याची जबानी होई : जन्म कोठे झाला, चाकरी कोठे केली, लग्न कोणाशी झाले. गावाबाहेर काढण्यासाठी घेतलेल्या त्या जबानीतून आज एका मजुराचे सारे आयुष्य कळते. संपन्न घराण्याच्या वंशावळीत अशी एक ओळही सापडत नाही.

साइक्स घराण्याच्या प्रश्नाला एक उत्तर प्रयोगशाळेतून आले. ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्या आडनावाच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले. जवळजवळ निम्म्यांमध्ये ते एकाच ठेवणीचे निघाले. त्यावरून हे आडनाव मुळात एका पूर्वजापासून निघाले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण उरलेल्यांचे काय? दत्तक, विवाहबाह्य संतती, आईचे आडनाव लावणे, अशा अनेक वाटांनी नाव एकीकडे आणि रक्त दुसरीकडे जाते. पुढील संशोधनात दिसले, की विरळ आडनावांत समान पूर्वज पुष्कळदा सापडतो, पण स्मिथसारख्या सर्वत्र पसरलेल्या नावात तो सापडत नाही. नाव एक म्हणून कूळ एक, असे गृहीत धरता येत नाही.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडात गावावरून पडलेले आडनाव माणसाला बहुधा गाव सोडल्यावर चिकटले, कारण गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच ते लागू पडले असते. आपल्या ‘कर’ प्रत्ययांत नामांचे मर्म येथे कळते. ते बहुधा सोडलेल्या गावाची खूण असते.

श्रोतेहो, दप्तर जळले की माग तुटतो. १९३१ ची इंग्लंड व वेल्सची सारी खानेसुमारी १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली आणि युद्धामुळे १९४१ ची झालीच नाही. आता आपल्याकडे पाहू. शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचे नाव, पालकाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि पूर्वीची शाळा लिहिलेली असते. आमच्या दृष्टीने हीच पॅरिशची वही होय. ज्या घरांतून कुळवृत्तांत निघाला नाही, त्यांचा तर बहुधा हाच एकमेव लेखी आधार. मुलींची माहेरची नावे पुढे सर्वत्र पुसली जातात, ती येथे शाईत टिकून आहेत.

माझी संस्थेला विनंती आहे की, जुन्या रजिस्टरांची नक्कल करून ती दोन ठिकाणी ठेवावी. माजी विद्यार्थ्यांनाही सांगणे आहे : घरातील मोडी कागद, लग्नपत्रिका आणि भाडेपावत्या रद्दीत टाकण्यापूर्वी जाणत्यास दाखवा, आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले तारखेसह लिहून काढा. पूर्वज थोर होते की नाही, हे त्यातून ठरेल अथवा न ठरेल, पण ते होते, एवढे तरी पुराव्याने सांगता येईल.