संशोधन चुलीपर्यंत पोचावे



 परवडणाऱ्या आणि टिकाऊ ऊर्जेचा विचार करायला आपण संशोधक, प्राध्यापक आणि विद्यार्थी या परिषदेसाठी आमच्या जोयडा तालुक्यातल्या रानात आलात, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

काली नदी याच तालुक्यात, डिग्गीजवळ उगम पावते. तिच्यावर 101 मीटर उंचीचे सुपा धरण झाले आणि काली-पांढरीच्या संगमावरचे सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे तिथून जोयड्याला आले. विस्थापितांनी रामनगरात नव्याने संसार मांडले. धरणाच्या पायथ्याशी 100 मेगावॉटचे वीजगृह आहे, पुढे नागझरीचे त्याहून कितीतरी मोठे. कारवार तालुक्यात याच नदीकाठी कैगाचे 220 मेगावॉटचे चार अणुसंच आहेत. एवढी वीज देणाऱ्या या खोऱ्यात अनेक घरांची पहाट मात्र अजून लाकडाच्या चुलीवरच होते. आधी न्हाणीतले पाणी, मग पेज-भात. आषाढात लाकूड ओले असते आणि फुंकून फुंकून बायकांचे डोळे लाल होतात.

या चुलीकडे विद्वानांनी पूर्वी लक्ष दिलेले आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांनी 1974 मध्ये ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू केला. तिथे तीन भांड्यांची सुधारित चूल घडली. जाळीखालून हवा मिळते, लाकूड नीट जळते, पहिल्या भांड्याखालची उरलेली धग पुढच्या दोन भांड्यांना लागते आणि धूर धुराड्यातून बाहेर जातो. प्रयोगशाळेतले गणित स्वयंपाकघरात उतरले, ही त्या कामाची थोरवी. त्याच संस्थेतले डॉ. टी. व्ही. रामचंद्र यांनी आमच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या घरगुती ऊर्जेचा अभ्यास केला.

चुलीसाठी जे झाले तेच विजेसाठीही व्हावे, असे आज आमचे आपल्याकडे एक मागणे आहे. पावसाळ्यात इथे सूर्य दिसत नाही, पण व्हाळ, म्हणजे ओढे, दुथडी भरून वाहतात. उन्हाळ्यात व्हाळ आटतात, पण ऊन रग्गड असते. या दोघांची सांगड घालणारे छोटे वीजसंच आमच्या वाड्यांसाठी तयार व्हावेत. ते रानाला धक्का न लावणारे, कुणब्याच्या ऐपतीतले आणि गावातल्याच पोरांना दुरुस्त करता येतील असे असावेत. आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी आमच्या आयाबायांना जरूर विचारा. किती लाकूड लागते आणि ते किती लांबून आणावे लागते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

दुपारच्या पंगतीत आमच्या कुणबी भगिनींनी पिकवलेली कंदमुळे आहेत. ती आवडीने खा आणि जेवण झाल्यावर मागच्या चुलींपाशी जाऊन त्यांच्याशी बोला. आपल्या चर्चेचा पहिला विषय तिथेच मिळेल.