‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय?

(सोलापुरातील स्वयंसेवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या जिल्ह्यातल्या पारधी वस्त्यांवर तुम्ही मुलांची शाळा, रेशन, जातीचे दाखले यासाठी जात असता. पूर्वी सोबत जायचं म्हणजे तहसील कचेरीत जायचं. आता पुष्कळ कामं सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर होतात, आणि तिथं एक वाक्य वारंवार ऐकू येतं: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ रोजंदारीवर पोट असलेल्या बाईला तो ‘उद्या’ एका दिवसाच्या मजुरीला आणि एसटीच्या भाड्याला पडतो. म्हणून हे शब्द आपल्याला कळायला हवेत.

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी दिवसरात्र चालू ठेवलेला कॉम्प्युटर. माहिती त्याच्याकडे साठवलेली असते. मागितली की तो देतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की तो केंद्रातल्या कॉम्प्युटरवर राहत नाही, सर्व्हरकडे जातो.

आता वाट पाहा. अक्कलकोटजवळच्या वस्तीवरून मुंबईला जायचं तर आधी रिक्षा, मग एसटी, मग सोलापूरहून रेल्वे. अर्जाचंही तसंच. कॉम्प्युटरपासून राऊटर नावाच्या छोट्या डबीपर्यंत तो वायफायने जातो. तिथून कंपनीच्या केबलने पुढे इंटरनेटवर, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या जाळ्यात, आणि शेवटी सर्व्हरपाशी. रिक्षा बंद पडली तर मुंबईचं ऑफिस बंद आहे असं आपण म्हणत नाही. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत कुठेही काही अडलं तरी नाव सर्व्हरचंच घेतलं जातं.

वाटेत अडणं नवीन नाही. 29 ऑक्टोबर 1969 रोजी अमेरिकेत इंटरनेटच्या पूर्वजावरून पहिला संदेश पाठवला गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद पडला. त्या लोकांनी बिघाड कुठे आहे ते शोधलं आणि थोड्या वेळाने पुन्हा पाठवलं. आपणही तेच करायचं.

पहिली तपासणी: दुसरी एखादी वेबसाईट उघडून पाहायला सांगा. तीही उघडत नसेल तर अडचण आपल्याच बाजूला आहे. वायफायच्या रेघा पूर्ण दिसत असल्या तरी त्या फक्त राऊटरपर्यंतची वाट दाखवतात; पुढची केबल तुटलेली असू शकते. अशा वेळी मोबाईलचं इंटरनेट कॉम्प्युटरला जोडून काम होऊ शकतं. बाकी सगळं उघडतंय आणि तेवढीच वेबसाईट उघडत नाही, तर दोष बहुधा सर्व्हरकडे आहे. मग थांबावंच लागतं.

दुसरी तपासणी फोटोची. केबी आणि एमबी ही फाईलच्या वजनाची मापं. एक एमबी म्हणजे सुमारे हजार केबी. मोबाईलवर काढलेला फोटो अनेकदा दोन-तीन एमबीचा असतो आणि अर्जात मात्र काही केबींचीच मर्यादा असते. अर्ज पुढे सरकत नाही, पण सर्व्हर ठणठणीत असतो. फोटो लहान केला की काम होतं.

तिसरी तपासणी मोबाईल नंबरची. आधार कार्डांचं वाटप देशात पहिल्यांदा आपल्याच राज्यातल्या आदिवासी गावात झालं: नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली, 29 सप्टेंबर 2010. पण नुसतं कार्ड हातात असून भागत नाही. ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा गुप्त आकडा, आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. कामासाठी गाव बदललं, सिम बदललं, की ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि अर्ज अडतो. म्हणून वस्तीवर गेलात की आधी विचारा: ‘आधारला जोडलेला नंबर चालू आहे का?’ नसेल तर आधार केंद्रात बदलून घ्या.

ओटीपी ही घराची किल्ली आहे. आपल्यासमोर आपलाच अर्ज भरताना ती वापरायची; फोनवर कुणीही मागितली तरी द्यायची नाही, बँकेचं नाव सांगितलं तरी नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर फोन करा. वेबसाईटचा पत्ताही वाचायला शिका. सरकारी वेबसाईटचं नाव साधारणपणे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असं संपतं. शिष्यवृत्तीच्या नावाने आलेली प्रत्येक लिंक सरकारी नसते.

बंधुभगिनींनो, सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ हा शब्द सांगावा लागत नाही. गुन्हेगार जमाती कायदा 1871 सालचा. तो 1952 साली देशभरातून गेला. त्या काळी सरकारी वहीत नाव असणं म्हणजे तारेच्या कुंपणात हजेरी देणं होतं. आज उलट झालंय. सर्व्हरवरच्या यादीत नाव नसेल तर शिष्यवृत्ती नाही, धान्य नाही. ज्यांच्या आजोबांनी त्या वहीचा धाक सोसला, त्यांच्या नातवंडांनी या यादीपासून वंचित राहू नये.

केंद्रचालकाशी भांडू नका. तोही दिवसभर याच अडचणीत बसलेला असतो. शेजारी बसा आणि नम्रपणे विचारा, ‘दादा, नेमकं कुठं अडलंय?’ अर्ज गेला की अर्ज क्रमांक कागदावर लिहून त्या बाईच्या हाती द्या. पुढच्या खेपेला तो प्रश्न तिने स्वतः विचारला, तर आपलं काम झालं असं समजा.