हत्यार : नावाचे की कामाचे?

(पालक मेळाव्यातील भाषण)



मुलगा आय.टी.आय.ला गेला किंवा उस्तादाच्या हाताखाली गॅरेजमध्ये काम शिकू लागला, की घरात हत्यारांचा प्रश्न निघतो. नामांकित कंपनीचा महाग संच उसनवारी करून घ्यावा, की स्वस्त संचावर भागवावे? धुळ्याचे यंत्रमाग, मुंबई-आग्रा रस्त्यावरील ट्रकची गॅरेजे, जळगावकडील ठिबक सिंचनाची कामे, भुसावळची रेल्वे यांवर आपल्या खानदेशातील किती तरी घरे चालतात. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

जादा किंमत कशाची असते, हे आधी पाहू. चांगला पाना तापलेले पोलाद साच्यात ठोकून घडवतात. मग त्याला पाणी देतात आणि पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढतात. पाणी कमी बसले तर पान्याचे तोंड फाकते. ठिसूळपणा राहिला तर तो तुटतो. वरची चकाकी मात्र दोघांनाही सारखीच देता येते.

फाकलेला पाना नटाचे कोपरे झिजवतो, सटकतो आणि बोटे सोलतो. उस्ताद म्हणतात, "या पोराचा हात बसत नाही." पोरही तेच खरे मानते आणि काम सोडून घरी बसते. दोष पोलादाचा, शिक्का मुलावर! हे नुकसान पान्याच्या किमतीपेक्षा फार मोठे आहे.

मग केवळ नावावर जावे काय? तसेही नाही. नावाची नक्कल बाजारात मिळते. शिवाय चांगला माल परदेशीच असतो असे नाही. टपारियाची हत्यारे आपल्या शेजारी नाशिकला बनतात; जालंधर आणि राजस्थानातील नागौर ही शहरेही या धंद्यासाठी प्रसिद्ध आहेत. म्हणून पारख शिकावी. पक्कड मिटून उजेडासमोर धरा. टोके नीट जुळली पाहिजेत आणि सांधा डगडगता कामा नये. पाना नव्या नटावर चढवून पाहा. तो सैल बसता कामा नये. आय.एस.आय. चिन्ह असेल तर त्यावरील मानक क्रमांक वाचा; पक्कडीचा क्रमांक ३६५० आहे.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नका. पक्कडीच्या दांड्यावरचे साधे प्लॅस्टिक पकड घट्ट बसावी म्हणून असते, विजेपासून बचावासाठी नव्हे. वायरमनचे काम शिकणाऱ्याला १००० व्होल्टची खूण असलेलीच पक्कड घेऊन द्या. आणि ती हाती असली तरी मेन स्विच बंद केल्याशिवाय वायरला हात लावू नये.

पालकांना माझी विनंती अशी की, पूर्ण संचासाठी कर्ज काढू नका. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, कानस, नेहमीच्या मापांचे दोन-तीन पाने अशी रोजची हत्यारे सुटी आणि चांगली घ्या. क्वचित लागणारे हत्यार स्वस्त घेतले तरी चालेल. बाकीची मुलगा कमावू लागला की एकेक जोडील.

विद्यार्थी मित्रांनो, स्क्रू-ड्रायव्हरची छिन्नी करू नका, पक्कडीने ठोकू नका, काम संपल्यावर हत्यारे पुसून तेलाचा हात फिरवा. महाग हत्याराने कारागिरी येत नाही, ती सरावानेच येते. पण त्या सरावासाठी हत्यार खरे असावे लागते.