जिटर, बाबांच्या कॅसेट आणि साडेचार हजारांची केबल

मी मूळ खामगावचा, पोटापाण्यासाठी पुण्यात कोडिंग करतो. आज बोलायचंय जिटरबद्दल.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांच्या जुन्या भजनांच्या कॅसेट लॅपटॉपवर उतरवल्या. लॅपटॉपला यूएसबी डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी छोटी डबी, आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायर. भजन सुरू झालं, पण मधेच टक्, टक्. मागे बारीक घूंऽऽ. बाबा म्हणाले, "काऊन रे, हे खरखर काऊन करून राहिलं?"

नेटवर उत्तर सापडलं: जिटर! लगेच साडेचार हजारांची यूएसबी केबल मागवली. फरक? शून्य.

मग नीट वाचलं. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, म्हणजे दर २२.७ मायक्रोसेकंदांना एक. आकडा बरोबर, पण त्याची वेळ किंचित मागेपुढे झाली, की तो जिटर. फाइल शंभरदा कॉपी करा, जिटर वाढत नाही. तो खरा नडतो आकड्यांचा आवाज होताना. रेकॉर्डिंग करताना शिरलेला मात्र कायमचा राहतो.

शेगावची पालखी आठवा. लय मृदंगवाल्याकडे, टाळकरी त्याच्यामागे. 'अ‍ॅडॅप्टिव्ह' डॅक कॉम्प्युटरच्या लयीमागे धावतो, आणि कॉम्प्युटरला हजार कामं. 'असिंक्रोनस' डॅकमध्ये घड्याळ डॅकच्याच पोटात असतं. तोच कॉम्प्युटरला सांगतो, आता जास्त पाठव, आता कमी. म्हणजे मृदंग योग्य माणसाच्या गळ्यात! जिटर कमी करायचा खरा उपाय हाच. डॅक घेताना हा एक शब्द तेवढा तपासा.

आणि घाबरू नका. २००५मध्ये जपानी संशोधकांनी तपासलं, तर संगीतातला काहीशे नॅनोसेकंदांपेक्षा कमी रँडम जिटर सरावलेल्या कानांनाही कळला नाही. आजच्या बऱ्या डॅकमध्ये तो याहून कितीतरी कमी असतो.

मग आमच्याकडची खरखर कसली? टक्-टक् होती बफर रिकामा पडल्याची. प्लेअरच्या सेटिंगमध्ये बफर २५६वरून १०२४ सॅम्पल केला, थांबली. घूं होती ग्राउंड लूपची. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं, गायब! मग लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावले, तेव्हा चार्जर लावूनही शांत. पण अर्थिंगची पिन कधीच काढू नका, जिवाशी खेळ आहे.

शेवटी बाबांना पाठमोरं बसवलं आणि दहा वेळा भजन लावलं, कधी महागडी केबल, कधी साधी. सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं तरी तेवढं जमतं! बाबा हसले, "केबल राहू दे, ते भजन पूर्ण वाजू दे आता."

तेव्हा मंडळी, पैसे काढण्याआधी रोग ओळखा. तुमच्या घरचा आवाज कसा करतो, टक् की घूं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!