बंद मशीनवर गेलेली चार बोटं

(कोथरूड येथे खाण व बांधकाम मजुरांच्या सभेत आमच्या वाडीच्या वतीने केलेले भाषण. बोललो तसेच छापले आहे.)



आम्ही मुळशीच्या डोंगरातून आलो, कातकरी. कोथरूडला एस्टीतून उतरलो तेव्हा आमच्यातला एक जण इमारतींकडं बघून म्हणाला, ही सगळी आपलीच खडी उभी आहे. आम्ही हसलो, पण खोटं नाही ते. इथल्या वेताळ टेकडीवर जुनी दगडखाण आहे, आता तिथं लोक फिरायला जातात. शहर वाढलं तशा खाणी बाहेर सरकल्या, चांदे-नांदे, मोशी, वाघोलीकडं. त्यांच्या मागं आम्ही सरकलो.

का सरकलो हे आंदोलनाच्या माणसाला सांगायला नको. ज्या तुकड्यावर आजा नाचणी-वरई करायचा, त्याच्या उताऱ्यावर आमचं नाव नाही. भात कापून झालं की हाताला काम नाही. मग मुकादम येतो, उचल देतो, टेम्पोत घालतो.

मघाशी इथं सुरुंगावर बोलणं झालं. बरोबर आहे, माणसं त्यात मरतात. पण सुरुंगाला निदान शिट्टी होते, लाल फडकं दिसतं, माणूस लांब पळतो. आम्ही दुसऱ्याच गोष्टीवर बोलणार आहोत. मशीन चालू असताना सगळे भितात. मशीन बंद पडलं की मुकादम ओरडतो, बसून काय राहिलात, वर चढा, साफ करा, ग्रीस मारा. बंद मशीनला कोण भिणार? हात जातो तो तिथंच.

क्रशरचा जबडा दगडानं चोंदला की पहार घेऊन माणूस आत उतरतो. मोटर बंद असली तरी जड चाकाचा भार एका बाजूला अडकलेला असतो. दगड सुटला की चाक फिरतं आणि जबडा हलतो. डंपरचा हौदा वर करून खाली दुरुस्ती चालते, जॅकनं दगा दिला तर खाली माणूस आहे. लाकडाचा टेकू लावायला दोन मिनिटं लागतात, ती दोन मिनिटं कोणी देत नाही.

आमच्या मावसभावाचं सांगतो. होळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. लाइट गेली, क्रशर थांबला. मुकादम म्हणाला, तेवढ्यात पट्ट्याखालची खडी काढा. शिमग्याला घरी जायची घाई सगळ्यांनाच. खरं सांगायचं तर आम्हीच त्याला म्हणालो, जा, तू बारीक आहेस, पटकन काढशील. तो पुलीपाशी वाकला आणि लाइट आली. स्टार्टरचं बटण आपोआप पडू नये म्हणून सुतळीनं बांधून ठेवलेलं होतं. बटण मोकळं असतं तर लाइट आल्यावर कोणी दाबल्याशिवाय मोटर सुरू झाली नसती. पट्टा फिरला. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला.

दवाखान्यात मुकादमानं सांगितलं, घरी पडला. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. आम्ही दारात उभे होतो, आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही पुढं झालो नाही. आठ दिवसांनी मालकाचा माणूस वाडीवर आला, मलमपट्टीचे पैसे दिले आणि कागदावर ठसा घेतला. कुठल्या बोटाचा? जो अंगठा राहिला होता त्याचा.

ह्यावर आम्ही वर्षभर गप्प होतो. कागद झाला, संपलं, असं वाटलं. नंतर आंदोलनाच्या शिबिरात कायदा वाचला. २०२५ पर्यंत १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता, तो झाला तेव्हा देशात इंग्रज होता. त्यात लिहिलं होतं की भरपाईचा हक्क सोडल्याचा करार रद्द, ठसा असो की सही. मालक म्हणतो माणूस ठेकेदाराचा, तर मुख्य मालकालाही धरता येतं. एका हाताची चार बोटं गेली तर कमाईची ताकद पन्नास टक्के गेली असं त्याच्या परिशिष्टातच छापलं होतं, नुसता अंगठा गेला तर तीस. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा.

खाणीचा कायदा वेगळा होता, २०२५ पर्यंत १९५२ चा. मालक म्हणतात आमची खाण लहान, आम्हाला लागू नाही. त्यात लहान खाणीला सूट होती खरी, पण तीन गोष्टी एकदम पाहिजे होत्या: खोली सहा मीटरच्या वर नाही, माणसं पन्नासच्या वर नाहीत आणि सुरुंग अजिबात नाही. आता सांगा, सुरुंगाशिवाय हा काळा पत्थर कोण फोडतो? तो कायदा लागू असला तर गंभीर अपघाताची नोटीस सरकारला पाठवायची आणि तिची प्रत खाणीवर बोर्डाला चौदा दिवस लावायची होती. तसा बोर्ड इथं कोणी बघितला असेल तर हात वर करा. (कोणीही हात वर केला नाही.) खाणीतून किती ब्रास निघाला ते रॉयल्टीसाठी मोजलं जातं, बोटं कोण मोजतं?

फरिदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांसाठी एक साधं पत्र सुप्रीम कोर्टाला गेलं. कोर्टानं तेच अर्ज म्हणून घेतलं आणि १६ डिसेंबर १९८३ ला निकाल दिला, की ह्या दगडखाणी म्हणजे खाणीच आहेत. म्हणून आम्हीही लिहायला बसलो.

अडचण एकच आहे. मालक म्हणतो पुलीवर जाळी होती, तुमच्या माणसानंच काढली. कामगारानं जाणूनबुजून जाळी काढली हे सिद्ध झालं तर चार बोटांच्या केसमध्ये मालक सुटू शकतो. जाळी कधीच नव्हती. पण बघणारे आम्ही तिघं, तिघंही भावकीतले, दोघांवर अजून उचल. चौथा होता तो ऑपरेटर, बीडकडचा. सुतळी त्यानंच बांधली होती, मुकादमाच्या सांगण्यावरून. दुसऱ्या दिवशी तो निघून गेला, म्हणतात वाघोलीकडं आहे.

तोवर आम्ही एक केलंय. आता आमची टोळी मशीनवर चढते तेव्हा आधी मेन स्विचचा फ्यूज काढतो आणि जो चढतो त्याच्याच खिशात ठेवतो. मुकादम शिव्या देतो. देऊ दे. आणि जखमीबरोबर आपलं माणूस आत जातं, कसं लागलं ते डॉक्टरला आपण सांगतो, केसपेपर वाचून घेतो.

येत्या होळीला दोन वर्षं भरतात. अर्ज लिहून तयार आहे, त्याच्या आत आयुक्तांकडं द्यायचा आहे. तुमच्यात वाघोलीच्या क्रशरवरचे बरेच जण दिसतात. तो ऑपरेटर भेटला तर त्याला सांगा, मुळशीच्या पोरांनी त्याच्यावर केस केलेली नाही. त्याच्या जाण्यायेण्याचं भाडं आम्ही देऊ. त्यानं एवढंच सांगायचं, की जाळी नव्हती.