आधी दुकान, मग यंत्र



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. अशा मालेत तत्त्वज्ञानापासून शेतीपर्यंत अनेक विषय येतात. परंतु बाजारातून कोणती वस्तू घ्यावी हा व्याख्यानाचा विषय कसा, अशी शंका कोणी घेतली तर ती गैर म्हणता यावयाची नाही. आमचे उत्तर एवढेच की, ज्या वस्तूविषयी बोलावयाचे ती ग्रंथ वाचण्याची आहे. पैसे देऊन घेतलेला ग्रंथ आपला होतो की नाही, तो शेजाऱ्याला वाचावयास देता येतो की नाही, आपल्या मागे मुलानातवंडांना मिळतो की नाही, हे प्रश्न त्या वस्तूबरोबर घरात येतात. ते आधी समजून घ्यावेत, नंतर पैसे मोजावेत, यासाठी हा प्रपंच.

ज्याला बाजारात ई-बुक रीडर म्हणतात त्याला आम्ही सोयीसाठी वाचनयंत्र म्हणू. लोक विचारतात ते असे : किंडल घ्यावे की कोबो? सहा इंची घ्यावे की दहा इंची? आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पुस्तके कोठून घेणार, हे आधी ठरवावे. यंत्र काही वर्षांनी जुने होते, बिघडते, बदलावे लागते. पुस्तके मात्र राहावीत अशी आपली इच्छा असते. बहुतेक लोक उलट करतात. यंत्र आधी घेतात, आणि त्या यंत्राचे जे दुकान असेल त्याचे कायमचे गिऱ्हाईक होऊन बसतात.

यंत्राचा विचार प्रथम उरकून घेऊ, कारण त्यात निवडण्यासारखे फारसे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधनातून १९९७ साली ‘ई इंक’ नावाची कंपनी निघाली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत स्वच्छ द्रव, आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण. दोन्ही रंगांच्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युत्भार असतो. त्यामुळे खालून विजेचा दाब दिला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा कण जागच्या जागी बसले की पान तसेच राहते. वीज मुख्यतः लागते ती पान उलटताना. म्हणूनच मोबाइल रोज विजेला लावावा लागतो आणि हे यंत्र आठवडेच्या आठवडे चालते. शिवाय हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो, त्यामुळे भर उन्हात ओसरीवर बसूनही वाचता येते. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे बसविलेले असतात, त्यांचा उजेड पडद्यावर पसरतो.

असे पहिले यंत्र सोनी कंपनीने २००४ साली जपानात विकावयास काढले. ॲमेझॉनचे किंडल २००७ साली अमेरिकेत आले. कॅनडातील कोबो आणि युरोपातील पॉकेटबुक हे त्याचे प्रतिस्पर्धी. परंतु या तिघांच्याही पडद्यांत वापरलेली शाई त्याच एका ई इंक कंपनीची. तेव्हा यंत्रायंत्रांत भेद आहे तो आकाराचा, उजेडाचा आणि पाण्यापासून बचावाचा. मराठी वाचकाने एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी : इंचाला ३०० ठिपके असलेला पडदा घ्यावा. इंग्रजीची सुटी अक्षरे जाड ठिपक्यांतही वाचता येतात, पण आपली जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार तेथे एकमेकांत मिसळून जातात. रंगीत पडद्यांची नवलाई आहे. परंतु त्यांतल्या नेहमीच्या प्रकारात रंगीत चित्राची बारकाई इंचाला १५० ठिपक्यांवर येते आणि कागदही थोडा मळकट भासतो. कथाकादंबरी वाचणाराने त्या मोहात पडू नये. वृद्धांच्या दृष्टीने मात्र या यंत्राचा एक गुण फार मोठा आहे. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि डोळ्यांमुळे ज्यांचे वाचन सुटले त्यांना ते परत मिळते. एवढ्यासाठीही कित्येक घरांत हे यंत्र यावयास हरकत नाही.

आता दुकानाकडे वळू. खरी गोम तेथे आहे.

ई-पुस्तक म्हणजे एक फाइल. ती बांधण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. त्यांतली ‘ईपब’ ही २००७ पासून चालत आलेली खुली पद्धत. कोणीही प्रकाशक ती वापरू शकतो आणि कोबो, पॉकेटबुक यांसारखी यंत्रे ती सरळ उघडतात. किंडलची बांधणी ॲमेझॉनची स्वतःची. आपल्याजवळची बिनकुलपाची ईपब फाइल ॲमेझॉनकडे पाठविली तर ती रूपांतर होऊन किंडलवर येते, ही सोय २०२२ पासून झाली आहे. परंतु विकत घेतलेल्या पुस्तकावर बहुधा एक अदृश्य कुलूपही असते, आणि त्याची किल्ली दुकानदाराजवळ असते. किंडलच्या दुकानात घेतलेले कुलूपबंद पुस्तक कोबोवर उघडत नाही. उद्या यंत्र बदलावेसे वाटले तर दहा वर्षांत जमविलेली पुस्तके जुन्या दुकानातच राहतात. कागदाच्या पुस्तकाला अशी अट कोणी घातली असती, म्हणजे अमुक दुकानाचे पुस्तक अमुकच कंपनीच्या चष्म्यातून वाचावे असे म्हटले असते, तर आपण ती चालवून घेतली असती काय?

किल्ली दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे काय होते, याचे दाखले पुष्कळ आहेत. २००९ साली जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती ॲमेझॉनने गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. ज्याने त्या दुकानात ठेवल्या त्याला विक्रीचा हक्क नव्हता, हे कारण खरे होते. पैसे परत केले गेले, पुढे कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफीही मागितली. तथापि छापील पुस्तकाच्या बाबतीत दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातले पुस्तक नेऊ शकत नाही. येथे तो ते करू शकतो, हे जगाला त्या दिवशी कळले. सोनीने २०१४ साली अमेरिकेतले आपले पुस्तकांचे दुकान बंद करून गिऱ्हाइके कोबोच्या हवाली केली. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१५ साली ई-पुस्तकांची विक्री थांबविली, तेव्हाही वाचकांना कोबोचाच रस्ता दाखविण्यात आला. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली दुकान मिटले. पैसे सर्वांना परत दिले, पण पुस्तके नाहीशी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने आणखी एक दार लावले. विकत घेतलेल्या किंडल पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची जी सोय होती ती बंद केली.

दुकानदारांना हे सर्व करता आले, याचे कारण मुद्दाम लक्षात घ्यावे. विक्री पुस्तकाची झालेलीच नव्हती. झाली होती ती वाचण्याच्या परवान्याची. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला की, असा परवाना देताना दुकानदाराने गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘विकत घ्या’ हा शब्द वापरू नये. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, टॉम कॅबिनेट या डच विक्रेत्याच्या खटल्यात, वाचून झालेली ई-पुस्तके हक्कधारकाच्या संमतीवाचून पुन्हा विकता येत नाहीत असा निर्णय दिला. म्हणजे जुन्या पुस्तकांचे दुकान ही संस्थाच या नव्या व्यवहारात संभवत नाही.

याचे महत्त्व आपल्या समाजाला अधिक आहे. १८४८ साली लोकहितवादींसारख्यांच्या पुढाकाराने पुण्यात वाचनालय निघाले, आणि पुढे गावोगाव तशी वाचनालये झाली. त्या सर्वांचा पाया एकच : एक प्रत घ्यावी आणि ती शंभरांनी वाचावी. ज्याला पुस्तक घेणे परवडत नव्हते तो या वाटेने शिकला. रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून आपापला ग्रंथसंग्रह उभा केलेली माणसे या सभागृहातही असतील. पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेले की परत येत नाही, अशी तक्रार आपले वाडवडील करीत आले. नव्या पुस्तकाची अडचण अशी की, ते दुसऱ्याच्या हाती जातच नाही.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. फाइलची नक्कल क्षणात होते. मराठीत एखाद्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपावयास वर्षे लागतात. तेथे नव्या पुस्तकाची चोरटी प्रत मोबाइलवरून फिरू लागली तर लेखकाने व प्रकाशकाने जगावे कसे? ही भीती खोटी नाही, आणि अशी प्रत घेणारा वाचक लेखकाच्या ताटातले काढून घेतो हे आम्ही स्पष्ट सांगतो. परंतु कुलूप हा त्यावर उपाय आहे काय? चोरटी प्रत काढणारा बहुधा छापील पुस्तकाची पाने टिपून ती फिरवितो. कुलपाचा जाच होतो तो पैसे मोजणाऱ्याला. इंग्रजीत टॉर या मोठ्या प्रकाशनसंस्थेने २०१२ साली आपल्या ई-पुस्तकांवरची कुलपे काढून टाकली आणि तिचे प्रकाशन पुढेही चालू राहिले. आमच्या मराठी प्रकाशकांनी हा दाखला अभ्यासावा.

आता मराठी वाचकाने प्रत्यक्षात काय करावे? किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून रीतसर मिळू लागली. मराठीपुरते बोलावयाचे तर पुण्याच्या बुकगंगाकडे ई-पुस्तके मिळतात. ती त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचावयाची असतात. अशी ॲपे किंडल किंवा कोबोवर चालत नाहीत. त्यासाठी मोबाइल तरी हवा, नाही तर बूक्ससारखे, अँड्रॉइडवर चालणारे शाईच्या पडद्याचे यंत्र हवे. पाहा, पुन्हा दुकानावरूनच यंत्र ठरले!

पुस्तक घेण्यापूर्वी नमुन्याची पाने उघडून पाहावीत. त्यांत ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ असे शब्द शोधावेत. तेथला अर्धा र नीट उमटला असेल, जोडाक्षरे तुटली नसतील, तर पुस्तक काळजीने तयार केले आहे असे समजावे. आणखी एक परीक्षा अशी की, अक्षर मोठे केल्यावर ओळी नव्याने जुळतात की पानाचे नुसते चित्र मोठे होते, हे पाहावे. पुष्कळ मराठी पुस्तके पीडीएफ स्वरूपात, म्हणजे पानाच्या चित्रासारखी असतात. सहा इंची पडद्यावर त्यांचे अक्षर मुंगीएवढे दिसते. ज्यांना संशोधनासाठी जुने ग्रंथ आणि नियतकालिके चाळावयाची आहेत त्यांनी म्हणूनच दहा इंची यंत्र घ्यावे. कादंबरीवाचकाला सहा-सात इंच पुरे.

विकत घेण्याच्या आधी जे मुक्त आहे तेही पाहावे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांचे होते. १९१९ साली निवर्तलेले हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी, १९५० साली गेलेले साने गुरुजी, यांचे असे लेखन आज आपणा सर्वांच्या मालकीचे आहे. मराठी विकिस्रोतावर जुने ग्रंथ स्वयंसेवक टंकित करून ठेवीत आहेत; ई साहित्य प्रतिष्ठान आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांची कित्येक पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. इंग्रजीसाठी १९७१ साली मायकेल हार्ट यांनी सुरू केलेले प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे; त्यावरच्या पुस्तकांना कुलूप नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पुस्तकाच्या किमतीपेक्षा टपालखर्चच जड होतो. त्यांनी तर या वाटेने अवश्य जावे.

सारांश सांगून पुरे करतो. जे पुस्तक एकदा वाचून बाजूला ठेवावयाचे, ते कोणत्याही दुकानातून स्वस्त मिळेल तेथून खुशाल घ्यावे. तेथे परवाना पुरतो. जे जन्मभर जवळ ठेवावयाचे, ते बिनकुलपाचे मिळत असेल तर तसे घ्यावे आणि त्याची एक प्रत आपल्या स्वतःच्या संगणकावर जपावी. बिनकुलपाचे मिळत नसेल तर कागदावर घ्यावे, आणि प्रकाशकाला चार ओळी लिहून तसे का घेतले ते कळवावे. पाचपन्नास वाचकांनी असे कळविले तर मराठीसारख्या लहान बाजारात त्याचा परिणाम झाल्यावाचून राहणार नाही. यंत्र घ्यावयाचेच तर ईपब सरळ उघडणारे आणि स्वतःची फाइल बिनतक्रार स्वीकारणारे घ्यावे. म्हणजे दुकान बदलले तरी कपाट आपले राहील.

वाचनालयांच्या चालकांना एक विनंती आहे. ई-पुस्तकांचा संग्रह घेताना नुसती किंमत व संख्या विचारू नका. वर्गणी थांबल्यावर यांतले काय आमच्याजवळ राहील, हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. पूर्वजांनी एकेक प्रत जमवून ही कपाटे भरली. ती रिकामी कोणी करू शकत नव्हते म्हणूनच आपल्यापर्यंत आली. पुढच्या पिढीलाही तशीच भरलेली कपाटे मिळावीत, मग ती लाकडाची असोत वा पडद्याच्या आतली असोत.